चौथी ओळ

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. ओसरीवर उकिडवे बसून ते कंदिलाच्या एका काचेत डोकावत होते. मान वर न करता त्यांनी एकच प्रश्न केला.

"मास्तर, तुमी माश्या मारता का?"

मी जवळच्याच एका नव्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा लेक्चरर म्हणून नुकताच लागलो होतो. वर्गात मुलं अकरा, त्यातली नियमित चार. त्यामुळे हा माणूस माझ्या नोकरीची टिंगल करतोय असंच मला वाटलं आणि मी जरा फणकाऱ्यानं म्हणालो, "म्हणजे?"

"म्हंजी फ्लिटचा पंप, डीडीटी, ढेकणाचं औशद, असलं काय संगं आनलंय का? आनलं आसंल तर खोली न्हाई."

आणलं नव्हतं. खोली मिळाली. खोलीबरोबर ढेकूणही मिळाले. आठव्या दिवशी मी तक्रार केली तर ते स्वतः माझी बाज उचलून अंगणात घेऊन गेले, भर उन्हात तिला दोन दणके दिले आणि खाली पडलेले ढेकूण भिंतीच्या सावलीकडे चालत गेलेले आम्ही दोघांनी उभं राहून पाहिले. "गेले," ते समाधानानं म्हणाले. कुठे गेले, असं विचारण्यात अर्थ नव्हता. मलाच दुसऱ्या दिवशी ते अंगावर कळलं.

मलकापूर तेव्हा कऱ्हाडला खेटून असलं तरी गावच होतं. दुष्काळ नुकताच सरला होता आणि लोक पुन्हा उसाबद्दल बोलायला लागले होते. माझ्या घरमालकांना सगळं गाव 'कलेक्टर' म्हणायचं. ते मलेरिया खात्यातून 'इन्सेक्ट कलेक्टर' या पदावरून निवृत्त झाले होते. या पदाचं काम म्हणजे गोठ्यात बसून काचेच्या नळीनं डास पकडायचे. पण नेमणुकीचा कागद आला तेव्हा सासुरवाडीत पेढे वाटले गेले होते आणि सासऱ्यांनी जीपगाडी कधी येणार म्हणून दोन वर्षं वाट पाहिली होती, असं काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

काकींची दुसरी तक्रार कंदिलांची. "सतरा काचा हायत्या घरात आन् कंदील एकबी न्हाई," त्या म्हणायच्या. "लाईट गेली की आमी माश्यांच्या उजेडात बसतो." हे खरं होतं. ओसरीच्या फळीवर सतरा बशा, बशीत नदीची वाळू, वाळूवर कंदिलाची काच उभी आणि काचेच्या तोंडाला मलमलीचा तुकडा. आत एकेक माशी. तिला रोज साखरेच्या पाण्याचा एक थेंब मिळायचा. ती मरेपर्यंत कलेक्टर वाट बघायचे. आपल्या मरणानं मेली की मग तिला बारीक टाचणी टोचायची, वहीत नोंद करायची आणि टाचणीत नखाएवढी चिठ्ठी ओवायची. चिठ्ठीवर चार ओळी असत. गाव, तारीख, कुणाला सापडली. चौथी ओळ सगळ्यांची सारखी: 'मरण : आपोआप.'

जगभरातले कीटकशास्त्रज्ञ किडा दिसला की बाटलीत घालून मारतात. ताजा मारलेला किडा लव, केस, पंख अशा सगळ्या खुणांसकट शाबूत राहतो आणि त्याच खुणांवरून त्याची जात ठरते. म्हातारा होऊन मेलेली माशी टक्कल पडलेली आणि पंख फाटलेली असते. मी हे त्यांना शास्त्रीय भाषेत समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "मास्तर, माझा कोटा संपला."

हा कोटा काय प्रकार आहे तो मला तुकड्यातुकड्यांनी कळला. इन्सेक्ट कलेक्टर होण्याआधी ते खात्यात फवारणीवाले होते. पाठीवर पंप घेऊन आष्टा, पलूस, सगळा तो पट्टा त्यांनी घरन् घर फवारला होता. फवारणी झाली की घराच्या भिंतीवर गेरूनं तीन ओळी लिहायच्या, अशी खात्याची रीत होती. तारीख, फवारणाऱ्याचं नाव, आणि 'तपासणार' असं लिहून पुढे मोकळी जागा. मागाहून मुकादम येऊन घर बघायचा आणि त्या जागेत सही करायचा. फवारणाऱ्यानं स्वतः तिथे सही करायची नाही, हा नियम. आम्ही दोघं एकदा एसटीनं पलूसला गेलो होतो, तेव्हा एका पडक्या भिंतीपाशी ते थबकले. गेरूची ओळ अजून पुसट दिसत होती. "ही माझी," ते म्हणाले. त्यात अभिमान होता की काय होतं, मला तेव्हा नीट कळलं नाही.

तिथेच त्यांनी मला म्हातारीची गोष्ट सांगितली.

"हितंच फुडं एक वस्ती हाय. सकाळी घर फवारलं, भिताडावर नाव लिवलं, झाडाखाली भाकरी खात बसलो. तर त्या घरातली म्हातारी सूप घिऊन आली. सूप भरून मेल्यालं. गांधीलमाश्या, पाकोळ्या, रातकिडे, एक पाल, आन् काय काय. माझ्याफुडं सूप ठिवलं आन् म्हनली, 'ह्ये समदं डास व्हय रं लेका?'"

"मग?"

"मग काय! आता नावं सांगतोय, पर तवा त्या सुपातलं मला झुरळ आन् पाल, दोनच वळखू आली. बाकीची बिननावाचीच मेली. भिताडावर मारणाऱ्याचं नाव हाय आन् मेल्याल्याचं न्हाई, ह्यो कुठला न्याय, मास्तर?"

त्यानंतर त्यांनी खात्यात अर्ज करकरून फवारणीचं काम सोडलं आणि ओळखण्याचं काम मागून घेतलं. तिथेही मारावं लागेच. निवृत्त झाले त्या दिवशी मात्र त्यांनी ठरवलं की एका माणसाच्या वाट्याला येईल त्याच्या हजारपट मारून झालंय, आता नुसतं ओळखायचं. इंग्रजी सातवीपर्यंतचं. पण शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी माश्यांच्या वर्गीकरणाची दोन जाडजूड पुस्तकं ओळीओळीनं वाचली होती. पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले होते. काही माझ्या उपयोगी पडले.

हे सगळं ऐकून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला असेल, असा कुणाचा समज होईल. मला कौतुक वाटलं, पण ते आपल्यापेक्षा कमी शिकलेल्याबद्दल वाटतं तसलं. ते माझं कौतुक दोन वर्षांनी चैत्रात एका दुपारी संपलं.

नदीचं पाणी आटलं की कोयनेकाठी वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. भर बाराला कलेक्टर त्या वाळूत पालथे पडलेले असायचे. डोक्यावर ओला टॉवेल आणि हातात खात्याच्या जुन्या मच्छरदाणीची शिवलेली जाळी. धुणं धुणाऱ्या बायका पहिल्या पहिल्यांदा घाबरायच्या, नंतर त्यांच्यावर नजर ठेवायला लागल्या. "आवं कलेक्टर, जित्तं हाय न्हवं?" असं मधूनच कुणीतरी ओरडायचं आणि ते न बघता एक पाय हलवून दाखवायचे.

मला त्यांनी शेजारी पालथं पाडलं आणि समोर बोट केलं. वाळूवर एक सडपातळ माशी बसली होती. मागचं शरीर निमुळतं होत गेलेलं, पोती शिवायच्या दाभणासारखं.

"ही तर रॉबर फ्लाय," मी म्हणालो. "दुसऱ्या किड्यांची शिकार करते. एम.एस्सी.ला होती आम्हाला."

"मास्तर, डोळ्यांच्या मधी बघा. त्या दरोडेखोर माशीच्या दोन डोळ्यांच्या मधी खळगा असतो. हिचं टाळकं सपाट हाय. आन् पाय बघा. असल्या काडीवानी पायांनी ही कुनाला धरनार? पानी पिती बिचारी, फुलावर बसती. कुळ थेरेविडी. आमी दाभणमाशी म्हन्तो."

'आमी' म्हणजे ते एकटेच. पण पुस्तक उघडून पाहिलं तर त्यांचंच बरोबर होतं. मी कॉलेजात दोन वर्षं मुलांना तीच माशी दरोडेखोर म्हणून शिकवत होतो. मुलांना अर्थात काही फरक पडला नव्हता.

दाभणमाशीवर त्यांचा विशेष जीव होता. तिच्या अळ्या वाळूत राहतात, पांढऱ्या, दोऱ्यासारख्या, आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात. उसाची मुळं कुरतडणारी हुमणी म्हणजे भुंगेऱ्याचीच अळी. तेव्हा दाभणमाशी वाचली की ऊस वाचला, असं कलेक्टरांचं गणित होतं आणि म्हणून आपल्या एकरभर उसात ते पावडर टाकू देत नसत. "कलेक्टरच्या उसाला माश्या राखणीला हायत्या," असं शेजारचे म्हणायचे. खरं सांगायचं तर त्यांचा ऊस गावात सगळ्यांत किरकोळ असे. दाभणमाशीला वाळू लागते आणि त्यांचं रान काळंभोर होतं. हे त्यांनाही माहीत होतं. "तिला आज ना उद्या आवडंल की," ते म्हणायचे.

त्या वाळूत त्यांना दोन तऱ्हेच्या दाभणमाश्या सापडत. एक चांदीसारख्या लवेनं मढलेली, डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले. हे सगळे नर. दुसरी मातकट, अंगावर काळे डाग, डोळ्यांत अंतर. या सगळ्या माद्या. दोन्ही कुठल्या जातीच्या, हे त्यांच्या पुस्तकांत नव्हतं. तिथे मी पुढे सरसावलो. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. प्रिन्सिपॉलनी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या जूनच्या आत कुठल्यातरी नियतकालिकात नाव छापून आलं तर बघू. मुलीकडची मंडळी पोहे खाऊन झाले की 'कायम आहात का' एवढंच विचारत आणि उठत. नवी जात सापडली तर कायमपणाही मिळेल, बायकोही मिळेल, शिवाय एखाद्या माशीच्या मागे माझं आडनाव लॅटिनमध्ये लागेल. एवढ्या गोष्टी एका माशीकडून कुणी मागितल्या नसतील.

पुढच्या माघात परप्रांतातल्या एका मोठ्या संग्रहालयाकडे आम्ही पार्सल धाडलं. चिठ्ठ्या इंग्रजीत आणि तीनच ओळींच्या असाव्यात, असा मी हट्ट धरला. मरण कसं आलं हे शास्त्रात कुणी विचारत नाही. कलेक्टरांनी मग तोड काढली. वर तीन ओळींची इंग्रजी चिठ्ठी, आणि त्याच टाचणीत तिच्या खाली दुसरी, मराठी, चौथ्या ओळीची. वरून पाहिलं तर खालची वाचता यायची नाही. मी म्हटलं, असू द्या.

दोन महिन्यांनी टाईप केलेलं पत्र आलं. नमुने जुने, घासलेले, जवळजवळ निरुपयोगी. तरीही चंदेरी नर अमुक जातीचे दिसतात आणि मातकट माद्या तमुक जातीच्या. दोन्ही जाती दोन वेगवेगळ्या गोऱ्या साहेबांनी फार पूर्वीच नोंदवलेल्या आहेत. म्हणजे नवं काही नाही. मी कपाळाला हात लावला. कलेक्टर मात्र इतके हसले की काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अगं, नवराबायकोला येगळी येगळी आडनावं लावल्याती साहेबांनी! एकाला नवराच घावला, दुसऱ्याला बायकोच. दोघांनी आपापल्या घरी जाऊन नाव ठिवलं."

"कशावरून?" मी विचारलं.

"मी बघतोय की रोज वाळूत. ती दोघं नांदत्यात."

मेलेल्या माश्या कपाटात बघणाऱ्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं. हे फक्त माश्या न मारणाऱ्यालाच दिसणार होतं. मला एकदम उजेड पडला. नवी जात नसेना, जुनी एक जात कमी करणं हाही पेपर होतो. मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं: दावा महत्त्वाचा आहे, मात्र पुरावा म्हणून जोडी लागलेले नर आणि मादी एकत्र मारून, ताजे, एकाच टाचणीवर पाठवावेत.

पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. कलेक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"नांदतं जोडपं मारायचं?"

"एकच जोडी, काका. वाळूत शेकडो आहेत."

"तुमाला पोरगी बघत्यात न्हवं, मास्तर?" ते म्हणाले. "तवा तरी असलं बोलू नका."

त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. एक मादी काचेखाली ठेवायची. ती वाळूत अंडी घालील. अळ्या निघाल्या की एकेक वेगळ्या बाटलीत वाढवायची, कारण एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना खातात. पुढच्या चैत्रात माश्या बाहेर पडतील. एकाच आईच्या पोटची चंदेरीही निघाली आणि मातकटही निघाली, की झालं सिद्ध. कुणाला मारायला नको.

"पण त्याला वर्ष लागेल!"

"लागू द्या की. त्या साहेबांनी नाव ठिवून जमाना झालाय. आनि एका वर्सानं काय बिघडतंय?"

माझं बिघडत होतं. जून दोन महिन्यांवर आला होता आणि मुलीकडचे एक पाहुणे पुन्हा येतो म्हणून गेले होते.

कलेक्टर आणि काकी नातलगाच्या बारशाला आष्ट्याला गेले, त्या दुपारी मी जाळी घेतली, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेली बेन्झीनची बाटली खिशात घातली आणि वाळूत जाऊन पालथा पडलो. धुण्याच्या बायकांना वाटलं कलेक्टरच आहेत. एकीनं हाक मारली तेव्हा मी पाय हलवून दाखवला. तासाभरानं हातभर अंतरावर एक जोडी येऊन बसली. चंदेरी आणि मातकट, शेपटाला शेपूट लावून. जाळी टाकली, बाटलीत सोडली, बूच लावलं. त्यांचे पाय थोडा वेळ हलले आणि थांबले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फक्त आनंद झाला. लाज वाटायला घरी पोचावं लागलं.

आता चिठ्ठी हवी होती. माझं अक्षर नखाएवढ्या कागदावर मावत नसे, आणि आधीच्या पार्सलवर त्यांचंच मोत्यासारखं अक्षर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाचणीवरची जोडी त्यांच्यापुढे ठेवली आणि आदल्या दिवशी पाठ केलेलं वाक्य म्हणालो.

"काल नदीवर गेलो होतो. ही वाळूत मेलेलीच सापडली."

त्यांनी भिंग लावलं. नराची लव जशीच्या तशी चमकत होती. पंखाला एक चीर नव्हती.

"जोडीनं मेली?"

"उन्हानं असेल."

त्यांनी टाचणी नाकाजवळ नेली.

"उनाला बेन्झीनचा वास येतोय, मास्तर."

ते ओरडतील, खोली सोडायला सांगतील, असं वाटलं होतं. त्यांनी बारीक निबाचा टाक काढला, कागदाचे दोन तुकडे कापले आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ लिहीत बसले. मग दोन्ही चिठ्ठ्या टाचणीत ओवून जोडी माझ्या हातात दिली.

"वरती तुमचं नाव घातलंय. सापडली तुमाला म्हनून. चौथी वळ खाली हाय."

चौथी ओळ मला पाठच होती. मी खालची चिठ्ठी पाहिलीसुद्धा नाही. पोस्ट अकराला बंद व्हायचं.

पुढचं सगळं मनासारखं झालं. दोन जातींची एक जात झाली. पेपर माझ्या एकट्याच्या नावानं छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत 'एका स्थानिक रहिवाशाचे साहाय्य झाले' असं लिहिलं होतं. नोकरी कायम झाली, पाठोपाठ लग्नही ठरलं. छापील प्रत मी कलेक्टरांना नेऊन दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "चांगलं झालं, साहेब."

तोवर मी मास्तर होतो. त्या दिवसापासून साहेब झालो. खात्यात जे फवारणीचा हुकूम काढत त्यांना ते साहेब म्हणायचे, हे मला ठाऊक होतं. चहा तसाच मिळत होता, बोलणं तसंच चालू होतं. फक्त वाळूत येता का, असं त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मीही चारचौघांत सांगायचो की आता मला साहेब म्हणतात.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. फळीवर आठ बाटल्या होत्या, गेल्या चैत्रातल्या मादीच्या अळ्यांच्या. मी त्यांना पार विसरलो होतो. कलेक्टर विसरले नव्हते. वर्षभर रोज हुमणी शोधून आणून त्यांनी त्या आठ अळ्यांना भरवली होती. हुमणी मेलेली चालते का, असं काकींनी विचारलं तर म्हणाले होते, "ती तिचं खाती. मी नुसतं ताट वाढतो." आठातल्या पाच मध्येच मेल्या, एक तशीच वाळूत राहिली. सातव्या बाटलीत मातकट मादी निघाली होती. त्यानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे त्या सकाळी, आठव्या बाटलीच्या काचेवर चंदेरी नर बसला होता. त्याचे पंख अजून पुरते वाळले नव्हते.

"एका आईची," ते म्हणाले.

मी घाईनं म्हणालो, "काका, हा तर फार मोठा पुरावा आहे. आपण हे पाठवू. या वेळी तुमच्या नावानं."

"तुमचं छापून झालंय की, साहेब. तेच सांगून झाल्यावर पुन्ना कशाला सांगायचं?"

दोन्ही बाटल्या त्यांनी पिशवीत घातल्या. मी न बोलावता मागोमाग गेलो. वाळूवर त्यांनी आधी मादीचं बूच काढलं, मग नराचं. मादी लगेच उडाली. नर बराच वेळ बाटलीच्या तोंडावर बसून राहिला, आणि कलेक्टर त्याच्यावर टॉवेलाची सावली धरून उकिडवे बसले. तो गेल्यावर त्यांनी वहीत लिहिलं. मी मागून वाचलं: 'दोन. एका आईची. सोडली.' माफी मागायची असेल तर हीच वेळ आहे, हे मला लख्ख कळत होतं. मी म्हणालो, "ऊन फार आहे." ते म्हणाले, "हाय खरं."

पुढे मी सांगलीला मोठ्या कॉलेजात गेलो. दोन-तीन पत्रं झाली, मग राहिलं. कलेक्टर गेल्याचं काकींनी कुणाकडून तरी कळवलं. सकाळी चहा घेऊन ओसरीवर बसले होते ते बसल्या जागीच गेले. निरोप ऐकून माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'आपोआप'.

त्यानंतर काही वर्षांनी एका परिषदेच्या निमित्तानं मी त्या संग्रहालयात गेलो. माझी जोडी बघायची होती, हे कबूल करतो. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं कपाटाचा खण ओढला. काचेखाली ओळीनं दाभणमाश्या. आमच्या वाळूतल्या टकल्या म्हाताऱ्या मी लगेच ओळखल्या. मधोमध ती जोडी होती. चांदी अजून तशीच.

"बरं झालं आलात," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमच्याकडच्या प्रत्येक नमुन्याला खाली एक चिठ्ठी आहे, तुमच्या लिपीत. आम्हाला वाचता येत नाही. सगळ्या सारख्या दिसतात. फक्त या जोडीची वेगळी आहे. काय लिहिलंय?"

त्यानं चिमट्यानं वरची चिठ्ठी अलगद वर सरकवली. मी भिंग घेतलं. त्या मोत्यांसारख्या अक्षरात तीन ओळी होत्या.

'मरण : आपोआप नव्हे.

मारणार :' आणि पुढे माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम मलकापूर.

तिसरी ओळ होती 'तपासणार :' आणि पुढे मोकळी जागा.

"मारणाऱ्याचं नाव आहे," मी म्हणालो.

"कोण होता?"

"मी."

तो मोकळेपणानं हसला. असलं कुणी लिहीत नाही म्हणाला. मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, त्यानं सांगितलं की टाचणीवरची चिठ्ठी चुकीची असली तरी कधी काढायची नाही, असा तिथला नियम आहे. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं भर घालायची. संग्रहालय आहे तोवर चिठ्ठी राहणार. माझं नाव काचेखाली कायमचं लागावं, ही माझी इच्छा मलकापुरातच पुरी झाली होती, आणि मला पत्ता नव्हता.

मी त्याच्याकडे बारीक निबाचा टाक मागितला. 'तपासणार'च्या पुढे त्या मोकळ्या जागेत सही केली. मारणाऱ्यानं स्वतः तिथे सही करायची नाही, हा खात्याचा नियम मला माहीत होता. पण तपासायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.